समजून घ्या : रिमोट बोटीची बॅटरी तलावात दुखावते आणि घरी पेटते, असे का?

रिमोटवर पळणारी इलेक्ट्रिक बोट आता काही हजार रुपयांत ऑनलाइन मिळते. पहिले दोन-तीन रविवार ती झकास पळते. मग तक्रारी सुरू होतात. आधी दहा मिनिटे चालायची, आता चारच. बॅटरी हाताला फुगीर लागते. झाकण नीट बसत नाही. अशा वेळी पहिला संशय जातो पाण्यावर : "आत पाणी गेले असेल."

पाणी हे एक कारण आहेच. पण अनेक बॅटऱ्या पूर्ण कोरड्या असतानाच खराब होतात. कारण असते बोट काठावर आणण्याआधीचे शेवटचे मिनिट. तेव्हा बॅटरीला झालेली इजा तलावावर दिसत नाही. ती कधी कधी घरी, चार्जिंगला लावल्यावर बाहेर येते.

गोवंडीच्या वाचकांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. शिवाजीनगर, बैंगनवाडीतली अनेक घरे मुळात दहा बाय पंधरा फुटांच्या प्लॉटवर उभी आहेत. वर एक-दोन माळे चढले, पण जिना अरुंद आणि बाहेर पडायचा दरवाजा एकच. त्या दरवाजाशेजारच्या प्लगवर काय चार्ज होते आहे, याला म्हणूनच महत्त्व आहे.

बोट आणि गाडी यांत फरक काय?

रिमोटची गाडी आणि रिमोटची बोट यांत बॅटरी सारखीच असू शकते, तिच्यावरचा ताण मात्र सारखा नसतो. गाडीचा थ्रॉटल सोडला तरी ती घरंगळत पुढे जाते. वळणावर आपण वेग कमी करतो, तेवढ्यात बॅटरीला श्वास घ्यायला मिळतो. पाणी मात्र हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे. बोटीचा थ्रॉटल सोडला की ती लगेच पाण्यात बसते. त्यामुळे चालवणारा बोट दाबूनच ठेवतो आणि बॅटरीतून जवळपास सतत जास्तीत जास्त करंट वाहत राहतो.

आता हिशेब पाहा. हौशी लोकांच्या मधल्या आकाराच्या बोटीत तीन सेलची, ५००० एमएएच क्षमतेची लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी असते असे धरू. मोटर सतत ६० अँपिअर घेत असेल, तर ५ अँपिअर-तासांची ही बॅटरी पाच मिनिटांत पूर्ण रिकामी होईल. पूर्ण रिकामी करायची नसल्याने हातात उरतात चार मिनिटे. पाकिटावर लिहिलेले ५००० आणि मोबाइलच्या बॅटरीवरचे ५००० यांची तुलना म्हणूनच फसवी आहे. मोबाइल तेवढीच क्षमता दिवसभर पुरवून वापरतो.

त्यात उष्णतेची भर. त्या बॅटरीचा अंतर्गत रोध १५ मिलिओहम असेल, तर ६० अँपिअरला तिच्या पोटात ५४ वॅट उष्णता तयार होते. लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या २५ वॅटच्या दोन सोल्डरिंग आयर्न एका बंद डब्यात चालू ठेवल्यासारखे हे झाले. चांगल्या बोटींत मोटरला आणि तिचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरला (ईएससी) थंड ठेवायला तलावाचेच पाणी बारीक नळीतून फिरवतात. बॅटरीच्या वाट्याला ते येत नाही. पाणी आत शिरू नये म्हणून झाकणावर टेप लावलेली असते, त्यामुळे हवाही खेळत नाही. त्यावर एप्रिल-मेचे मुंबईचे ऊन.

मोठा पंखा, मोठी चूक

बोट हळू वाटली की पहिला सल्ला मिळतो, "मोठा प्रोपेलर लाव." पंखा बदलायला दहा मिनिटे लागतात आणि फरक लगेच दिसतो, म्हणून हा सल्ला लोकप्रिय आहे. इंजिनीअरिंगला फ्लुइड मशिनरीच्या पेपरात घोकलेले एक सूत्र इथे कामी येते. त्याच घडणीचा पंखा तेवढ्याच वेगाने फिरवायचा असेल, तर लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. ३६ मिलिमीटरच्या जागी ४० मिलिमीटरचा पंखा लावला तर व्यास वाढला जेमतेम ११ टक्के, शक्ती मात्र सुमारे ६९ टक्के. प्रत्यक्षात मोटरचा वेग थोडा पडतो, त्यामुळे आकडा काहीसा खाली येतो. पण जास्तीचा सगळा बोजा बॅटरीवरच येतो. पंखा बदलला की बोट चालवण्याचा वेळही नव्याने ठरवावा लागतो, हे सल्ला देणारा सहसा सांगत नाही.

मुंबईत आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे तलावांतला कचरा. पवई तलावावरच्या जलपर्णीच्या बातम्या दरवर्षी येतात. जलपर्णीची मुळे, प्लास्टिकची पिशवी किंवा विसर्जनानंतर तरंगणारा दोरा पंख्यात अडकला, की मोटर अडते आणि करंट एकदम उसळतो. अशा वेळी थ्रॉटल आणखी दाबून बोट "ओढून" काढण्याचा मोह होतो. नेमके तेच करू नये. थ्रॉटल सोडावा, एखादा हलका झटका मागे द्यावा आणि बोट निघाली तर हळूहळू काठावर आणावी. नाहीच निघाली तर तिला काठावर ओढायचा वेगळा उपाय पुढे दिला आहे.

सेलच्या आत काय घडते?

लिपोचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो. त्याचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट मानतात, म्हणून दोन सेलच्या पॅकवर ७.४ आणि तीन सेलच्या पॅकवर ११.१ असे छापलेले असते. खालची हद्द साधारण ३ व्होल्ट. त्याखाली सेल वारंवार किंवा फार खोल गेला, की आतली रसायने बिघडायला लागतात, वायू तयार होतो आणि चांदीच्या रंगाचे ते मऊ पाकीट फुगते.

याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. सेलमधल्या एका ध्रुवाच्या मागे तांब्याचा पातळ पत्रा असतो. व्होल्टेज फारच खाली गेले तर हे तांबे विरघळू लागते. पुढच्या चार्जिंगच्या वेळी ते भलत्याच जागी परत साचते आणि दोन ध्रुवांमध्ये बारीक पूल तयार होऊ शकतो. हाच आतला शॉर्टसर्किट. म्हणजे चूक रविवारी तलावावर झाली आणि धूर मंगळवारी रात्री घरात निघाला, असे घडू शकते. घरच्यांना मग वाटते, चार्जर खराब होता.

"पण बोटीत कटऑफ असतो ना?" असतो. व्होल्टेज घसरले की कंट्रोलर मोटरची ताकद कमी करतो. मात्र अनेक कंट्रोलर पूर्ण पॅकचे एकत्र व्होल्टेज पाहतात. तीन सेलचा पॅक ९.९ व्होल्ट दाखवतो आहे, म्हणजे प्रत्येकी ३.३, ठीक आहे, असे त्याचे गणित. प्रत्यक्षात दोन सेल ३.५ वर आणि तिसरा कमजोर सेल २.९ वर असू शकतो. बेरीज तीच. शिवाय काही कंट्रोलरमध्ये लिपो आणि जुन्या निकेल बॅटरीसाठी वेगळे मोड असतात. चुकून निकेलचा मोड राहिला, तर लिपोला कटऑफचे संरक्षण मिळतच नाही. नवी बोट आणल्यावर पुस्तिकेतले एकच पान वाचायचे असेल, तर ते हे वाचावे.

काही जण प्रत्येक सेल तपासून शिट्टी वाजवणारा छोटा अलार्म लावतात. ड्रोनसाठी तो उत्तम. बोटीत तो टेप लावलेल्या झाकणाखाली असतो आणि बोट पन्नास मीटर दूर. शिट्टी ऐकणार कोण?

मग घड्याळच लावा

बोटवाल्यांमध्ये सर्वांत भरवशाचा उपाय सर्वांत साधा आहे : मोबाइलचा टायमर. पूर्ण भरलेली बॅटरी घेऊन बोट बरोबर तीन मिनिटे चालवायची. घरी आल्यावर बॅटरी पुन्हा भरताना चार्जरने किती एमएएच आत घातले ते बघायचे. समजा २४०० भरले, म्हणजे मिनिटाला ८०० खर्च झाले. ५००० च्या बॅटरीतून ८० टक्के, म्हणजे ४००० वापरायचे ठरवले, तर वेळ मिळाला पाच मिनिटे. पुढच्या वेळी टायमर साडेचारवर लावायचा. उरलेले अर्धे मिनिट काठावर परत येण्यासाठी.

खेळण्यातल्या बोटीबरोबर यूएसबीची साधी वायर मिळते, तिच्यावर आकडे नसतात. तिथे बॅटरीच्या पांढऱ्या प्लगला लावायचा छोटा सेल चेकर उपयोगी पडतो. तो शे-दोनशे रुपयांत मिळतो. बोट थांबवल्यावर दहा मिनिटे जाऊ द्यावीत आणि मग सेल मोजावेत. प्रत्येक सेल ३.७ च्या आसपास असेल तर छान. ३.५ म्हणजे हद्द झाली. त्याखाली असेल तर वेळ कमी करायला हवा. एखादा सेल इतरांपेक्षा सतत ०.१ व्होल्टने मागे राहत असेल, तर तो पॅक म्हातारा झाला असे समजावे.

बॅटरी बाहेर काढल्यावर हातात पाच सेकंद धरवत नसेल, तर ती ६० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचली आहे. एवढे तापणे धोक्याचे. वेळ कमी करा किंवा पंखा लहान करा. दोन्ही पटत नसेल तर जास्त करंट देऊ शकणारी बॅटरी घ्या. ही ताकद पाकिटावर "सी" या अक्षराने लिहितात. ५००० एमएएचला ३० सी म्हणजे कागदावर १५० अँपिअर. कागदावर असे मुद्दाम लिहिले, कारण हा आकडा फुगवून छापण्याची बाजारात रीतच आहे. जेवढे लागते त्याच्या दुपटीचा आकडा असलेला पॅक घेणे शहाणपणाचे.

पाण्याचे काय?

पाण्याला अगदी निर्दोष सोडता येणार नाही. ते बहुतेक वेळा झाकणातून नव्हे, तर पंख्याचा दांडा ज्या नळीतून बाहेर येतो तिथून शिरते. त्या नळीत ग्रीस भरलेले असावे लागते आणि ते दर काही फेऱ्यांनंतर पुन्हा भरावे लागते. लिपोचे पाकीट स्वतः बंद असते. पाणी लागते ते त्याच्या टोकांना, मुख्य कनेक्टरला आणि पांढऱ्या बॅलन्स प्लगला. गोड्या पाण्यात भिजलेला पॅक लगेच काढून पुसला, कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केले आणि दिवसभर सावलीत वाळवला तर बहुधा वाचतो. ओला किंवा दमट पॅक चार्जिंगला लावणे हा मात्र थेट जुगार.

खारे पाणी ही वेगळीच गोष्ट. गोवंडी-मानखुर्दच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आहे, म्हणून तिथे बोट न्यावीशी वाटणे साहजिक आहे. खारे पाणी वीज चांगली वाहून नेते. बॅलन्स प्लगच्या शेजारशेजारच्या पिनांवर ते बसले, की धातू भराभर कुजतो आणि सेल हळूहळू आपोआप रिकामे होत राहतात. खाडीत भिजलेल्या पॅकवर वाळल्यानंतरही भरवसा ठेवू नये. खाडीचा चिखल आणि भरती पाहता तिथे न गेलेलेच बरे.

बॅटरी आत घट्ट बांधणेही तितकेच गरजेचे. बोट उलटली की सुटा पॅक झाकणावर आपटतो, कधी मोटरच्या फिरत्या भागाला घासतो. वेल्क्रोचे दोन पट्टे पुरतात. बोटीच्या रिकाम्या जागेत फोमचे तुकडे भरले तर पाणी शिरूनही बोट बुडत नाही.

आणि बोट मधोमध बंद पडली तर? पाण्यात उतरायचे नाही. हे लहान मुलांना आधीच बजावून ठेवावे. तलावाचा तळ गाळाचा असतो, आणि पवईत तर मगरी आहेत. जुने हौशी लोक गळाची लांब दोरी आणि तिला बांधलेला टेनिसचा चेंडू बरोबर ठेवतात. चेंडू बोटीच्या पलीकडे फेकायचा आणि दोरी अलगद ओढत बोट काठाला आणायची. बोट चालवायला परवानगी आहे का, हे तलावावरच्या सुरक्षारक्षकाला आधी विचारलेले बरे.

दहा बाय पंधरात चार्जिंग कुठे करायचे?

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. त्यात भाजलेल्या सात वर्षांच्या मुलाचा नंतर मृत्यू झाला. स्कूटरची बॅटरी बोटीच्या बॅटरीपेक्षा कित्येक पट मोठी असते, हे खरे. तरीही तीन सेलच्या ५००० एमएएच पॅकमध्ये सुमारे ५५ वॅट-तास ऊर्जा असते, म्हणजे जवळपास तीन मोबाइलइतकी. शिवाय मोबाइलला असते तसे कडक आवरण आणि संरक्षक सर्किट बहुतेक हौशी लिपो पॅकना नसते. पेटलेल्या लिपोतून निघणारा धूर विषारी असतो. छोट्या खोलीत ज्वाळेपेक्षा तोच आधी गाठतो.

त्यामुळे पहिला नियम : रात्री झोपताना चार्जिंग नाही. दुसरा : दरवाजा आणि जिना यांच्या वाटेत चार्जिंग नाही. पलंग, गादी, कपड्यांची बॅग, गॅसची शेगडी यांपासून दूर, उघड्या लादीवर मातीची जाड कुंडी ठेवून त्यात पॅक ठेवावा. लिपोसाठी मिळणाऱ्या अग्निरोधक पिशव्याही चालतात, पण त्या आग रोखण्यापेक्षा आवरतात, एवढे लक्षात ठेवावे. माणूस जागा असावा आणि नजरेच्या टप्प्यात असावा.

तलावावरून आलेली गरम बॅटरी लगेच लावू नये. ती हाताला गार लागेपर्यंत थांबावे. चार्जर प्रत्येक सेल वेगळा सांभाळणारा, म्हणजे बॅलन्स चार्जर असावा. करंट क्षमतेइतकाच, म्हणजे ५००० एमएएचला ५ अँपिअर, १५०० ला दीड. फुगलेला पॅक एकदा भरून बघू, असे म्हणू नये. तो दाबू नये, टोचून हवा काढू नये.

बाजारातून दुसरा पॅक घेताना आणखी एक काळजी. प्लग तोच बसतो, पण लाल-काळ्या तारांची बाजू कधी कधी उलटी असते. जुन्याशेजारी ठेवून जुळवल्याशिवाय लावू नये. भंगारातल्या लॅपटॉपचे सेल काढून, नवे प्लास्टिक चढवून विकलेले पॅकही मिळतात. त्यांत कोणता सेल किती वापरलेला आहे हे कळायला मार्ग नाही. बोटीसारख्या सतत करंट ओढणाऱ्या वस्तूत ते घालू नयेत.

धूर दिसलाच तर आधी माणसे बाहेर, मग शक्य असेल तर मेन स्विच बंद, आणि १०१ ला फोन. हातात पॅक घेऊन गल्लीत पळत सुटू नये.

महिनाभर बोट काढायची नसेल, तर बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नये. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या जवळ ठेवावा. चांगल्या चार्जरमध्ये त्यासाठी "स्टोरेज" असा पर्याय असतो. पावसाळ्यात चार महिने पेटीत पडून फुगलेल्या बॅटऱ्यांचे एक मोठे कारण हेच : शेवटच्या रविवारनंतर कोणी त्यांच्याकडे पाहिलेले नसते.

हे सगळे खेळण्यापुरतेच आहे असेही नाही. एनसीसीच्या नौदल शाखेतले कॅडेट जहाजांच्या प्रतिकृती बनवतात आणि नौसैनिक शिबिरांत त्यांच्या स्पर्धा होतात. त्यांत मोटरवर चालणारी मॉडेल्सही असतात. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने रेडिओवर चालणारी पहिली बोट दाखवली, तीही बॅटरीवरचीच होती.

संपलेली बॅटरी कुठे जाते?

पुन्हा गोवंडी. देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून इथे आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला होता आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. त्या आगीचा लिथियम बॅटरीशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकलेला अर्धा भरलेला पॅक कचऱ्याच्या गाडीत चेपला गेला तर पेटू शकतो, आणि तो हाताळणारी माणसे याच वस्तीतली असतात. कचरा वेचणाऱ्याला ते चकचकीत पाकीट ॲल्युमिनियमचे वाटते. तो ते कापून बघतो.

बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम ऑगस्ट २०२२ मध्ये लागू झाले. त्यानुसार वापरलेल्या बॅटऱ्या घरच्या कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून संकलन करणाऱ्याकडे किंवा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यायच्या असतात, आणि त्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या काही दुकानांत ई-कचऱ्याची पेटी असते. पॅक देण्याआधी ते बॅटरी घेतात का, हे विचारून घ्यावे.

देण्याआधी न फुगलेला, न फाटलेला पॅक रिकामा करावा. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवण्याचा सल्ला खूप फिरतो. त्यात आधी टोके कुजून तुटतात आणि आत चार्ज तसाच राहू शकतो. त्यापेक्षा तीन सेलच्या पॅकला गाडीचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब लावावा. भरलेला ५००० एमएएचचा पॅक त्यावर साधारण तीन तास घेतो. हे उघड्यावर, समोर बसून करायचे काम आहे, आणि बल्ब तापतो. उजेड मंदावून विझला की दोन्ही तारांची टोके वेगवेगळी टेपने गुंडाळावीत. फुगलेल्या किंवा फाटलेल्या पॅकवर हा प्रयोग करू नये. तो कोरड्या वाळूच्या डब्यात घालून, घराबाहेर सावलीत ठेवून, तसाच संकलन करणाऱ्याच्या हाती द्यावा आणि देताना "हा फुगलेला आहे" असे तोंडाने सांगावे.